चिंचेवरची आणि बारवेतली

सुगराबी चूल पेटवायची ती वाघळं उठल्यावर. तिच्या खोपीत घड्याळ होतं, जावयानं आणून दिलेलं, पण ते खिळ्यावर नुसतं टांगलेलं असायचं. संध्याकाळी ओढ्याकाठच्या चिंचेवरून पहिलं वाघूळ सुटलं की ती हातातलं काम खाली ठेवायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि म्हणायची, "निघाले बघा साहेब लोक कामावर." मग एकामागं एक सगळी सुटायची. ओढ्याच्या डोहावर खाली येऊन पोट पाण्याला टेकवायची, पुन्हा वर जायची आणि पूर्णा नदीच्या दिशेनं दिसेनाशी व्हायची. शेवटचं गेलं की ती चुलीपुढं बसायची. "आता आपली पाळी," म्हणायची.

मागच्या पावसाळ्यात तिच्या मुलीचा, शबानाचा, वारंगा फाट्याहून फोन आला. "अम्मा गेली," म्हणाली. शबाना तिकडून विचारत राहिली, "मावशी, ऐकून राहिल्या ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून सुगराबीविषयी जे आठवतं ते लिहून काढावं असं वाटत होतं. बोलणं मला जमत नाही. लिहिणं थोडं जमतं, आणि हे कुणाला दाखवायचंही नाही.

आमचं शेत आणि ती राखत होती ती जांबाची बाग, मध्ये एकच बांध. पेरूला आमच्याकडं जांब म्हणतात. बाग जवळा बाजार गावच्या एका मालकाची होती. सुगराबीचे सासरचे बागवान, त्यांनी ती आजा-पणजापासून राखलेली. नवरा ट्रकवर होता, तो फार लवकर वारला, तेव्हापासून बाग हिच्याच अंगावर. बागेच्या एका टोकाला ओढा आणि ओढ्यावर ती जुनी चिंच. दुसऱ्या टोकाला काळ्या दगडाची बारव, पायऱ्या खाली उतरत गेलेली, आत कमानी आणि कोनाडे. तिचं पाणी कुणी पीत नव्हतं. चिंचेवर मोठाली वाघळं लटकायची. बारवेच्या कमानीत दुसरी राहायची, चिंचेवरच्यांपेक्षा लहान, तरी घरात शिरणाऱ्या पाकोळीपेक्षा, म्हणजे बारक्या वटवाघळापेक्षा, कितीतरी मोठी. दोन्ही फळं खाणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला दोन्ही सारखीच वाटली. दोन्हींनी अंगावर काटा यायचा.

सुगराबीची पहिली गाठ बांधावरच पडली. उंच, हाडापेराची बाई, एका अंगाला थोडी कललेली, कारण जन्मभर टोपली एकाच काखेत. दात मिसरीनं काळे. आवाज असा की बागेत बोलली तर आमच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची. तिनं मला नाव विचारलं. मी खाली बघत राहिले.

"मुकी हाय काय गं?"

मी मान हलवली.

"मुकीच हाय," ती म्हणाली. "चांगलं झालं. या गावात बोलणारे लई हायेत, ऐकणारं एक पायजे होतं मला. बराबर हाय का न्हाई?"

त्या दिवसापासून मी मुकी झाले. चारचौघांत, बाजारात, कुठंही ती मला "ए मुके" अशी हाक मारायची, आणि मला राग यायचा नाही. दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला मात्र खपत नसे.

उन्हाळा सरता सरता लिंबाला लिंबोळ्या पिकायच्या. वाघळं त्या तोंडात धरून चिंचेवर आणायची, गर चोखायची आणि बी खाली टाकायची. सकाळी चिंचेखाली स्वच्छ बियांचा सडा पडलेला असायचा. या बिया फवारणीच्या औषधाला लागतात म्हणून बाजारात दुकानदार घ्यायचा. आम्ही बायका टोपल्या घेऊन जायचो. सुगराबीचा तिथं एकच कायदा होता, वर बघायचं तर तोंड मिटून.

"नवी सून आली का कोणी? तोंड मीट गं माय, वरून परसाद येतो."

शबानाचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्याला सासूनं चिंच दाखवायला नेलं. तो वर बघून म्हणाला, "कितने हैं अम्मा!" आणि त्यातला 'मा' पुरा व्हायच्या आत वरून परसाद आला. जावई थुंकत थुंकत ओढ्यावर पळाला. सुगराबी पदरात तोंड घालून हसत होती. हसणं आवरल्यावर तिनं त्याला हाक मारून सांगितलं, "कबूल केलं त्यांनी तुमाला. आता लगीन पक्कं."

तिच्या घरात सासरे होते, अब्बा. सगळं गाव त्यांना अब्बाच म्हणायचं. त्यांचे डोळे तरणेपणीच गेलेले. काठी होती, पण ती बहुतेक काखेत असायची. ते जिभेनं टाळूला टक टक असा आवाज करत बागेतून चालायचे. झाड आलं की थांबायचे, वळायचे, पुढं जायचे. मला ते बघून नवल वाटायचं, पण विचारायचं धाडस नव्हतं. सुगराबीनंच एकदा सांगितलं.

"आवाज जाऊन झाडाला लागतो अन्‌ माघारी येतो. कुठून आला, किती येळानं आला, ते ऐकत्यात. आपल्याला न्हाई ऐकू येत. बारवेतली वाघळं बी तेच करत्यात. त्यांच्याकडूनच शिकले अब्बा."

"खोटं नको सांगू, सुगरा," अब्बा बाजेवरून म्हणाले. "वाघळंच माझ्याकडून शिकली."

म्हणून बारवेतली वाघळं अब्बांची आणि चिंचेवरची सुगराबीची. सासरा-सुनेचं यावरून रोज भांडण चालायचं, आणि त्याच्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागत नसे. मी किती वेळा ते ऐकलं असेल. भाकरी थापता थापता ती सुरू करायची.

"काय ते तुमचं वाघूळ! रंग राखेचा, तोंड बारकं, वर बोटाच्या पेराएवढं शेपूट उंदरावाणी. माझं बघा. गळ्यात सोनेरी मफलर, तोंड कोल्ह्यावाणी चलाख, शेपटाची भानगडच न्हाई. दिवसभर उघड्यावर लटकतं. कोणाची चोरी न्हाई."

"मी कसं बघू?" अब्बा म्हणायचे.

"मग ऐका माझं."

"ऐकूनच सांगून राहिलो. तुझी दिवसभर कचाकचा भांडत्यात नळावरच्या बायांवाणी. अन्‌ अमावस्येला त्यांना बारवेत सोड, भिंतीवर डोकं आपटून मरतील. डोळे हायेत तवर त्यांची मिजास. माझी बघ, काळ्याकुट्ट अंधारात आत-बाहेर करत्यात, भिंतीला पंख लागत न्हाई."

"लई शानी! मग जाळीत काहून अडकत्यात?"

"जाळी तू लावली म्हणून."

यावर ती भाकरी तव्यावर जरा जोरात टाकायची आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची.

जांबाच्या दिवसांत बागेवर जाळी टाकावी लागायची. थंडीतल्या एका सकाळी जाळीत एक वाघूळ गुंतलेलं सापडलं. मी लांब उभी राहिले. अब्बा टक टक करत आले, खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकला आणि दोन्ही हातांत धरलं. ते चावायला बघत होतं. अब्बांनी अंगठ्यानं त्याची मागची बाजू हळूच चाचपली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू पाहुणा ओळखीचा निघाला.

"शेपूट हाय," ते म्हणाले. "भावकीतलं हाय. सुगरा, जाळी काप."

"नवीकोरी जाळी हाय अब्बा!"

"मग धागा धागा सोडव. मी धरून बसतो इथं रातपर्यंत."

तिनं विळ्यानं जाळी कापली. कुरकुरत कापली, मालकाला काय सांगू म्हणाली, पण वाघळाचा पंख फाटू नये म्हणून एकेक दोरा उचलून कापला. त्या दिवसापासून बारवेजवळची जांबाची एक ओळ अब्बांनी उघडी ठेवायला लावली. तिच्यावर जाळी टाकायची नाही. तिला ते भावकीचा हिस्सा म्हणायचे. मालक आला की सुगराबी त्याला सांगायची, त्या ओळीला कीड लागते, जाळी वाया जाईल. मालक मान डोलवायचा. अब्बा बाजेवर तोंड फिरवून हसायचे.

चिंचेवरच्या वाघळांवर तिचा किती जीव होता ते मला एका उन्हाळ्यात कळलं. त्या वर्षी ऊन असं पडलं की दुपारी माणूस दारात उभं राहू शकत नव्हतं. वाघळं पंखांनी वारा घेत होती, स्वतःचे पंख चाटत होती, आणि तरी एकेक करून पिकल्या फळासारखी खाली पडायला लागली. सुगराबी आमच्या दारात आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, फवारणीचा पंप द्या."

"एवढ्या उन्हात काय फवारता?"

"पाणी."

तिनं पंप राखेनं घासला, पाण्यानं खळखळून धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला. औषधाचा अंश राहिला तर काय, ही तिला भीती. मग पंप पाठीवर घेऊन चिंचेवर चढली. साठीची बाई, साडीचा काचा मारून, पहिल्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथं, पाय रोवून वर पाणी उडवत होती. मी ओढ्यातून घागरी आणून देत होते. रस्त्यानं जाणारे जीपवाले थांबून बघत होते. एकानं विचारलं, "मावशी, चिंचेला कोणती बिमारी हाय?"

"तुझ्यावाणी उन्हात हिंडायची," ती वरून म्हणाली.

तिन्हीसांजेला उरलेली वाघळं उठली तेव्हा ती चिंचेखाली ओल्या मातीत बसून होती. पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. "गेली बघ कामावर," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. आमच्याकडं जेवली.

पुढं अब्बा गेले. झोपेतच गेले. त्यानंतर सुगराबी संध्याकाळी त्यांच्या बाजेवर बसायला लागली. कोंबड्यांना हाक मारताना ती जिभेनं टक टक करायची, अगदी अब्बांसारखं, आणि कोंबड्या यायच्या. मालकाच्या जागी आता त्याचा मुलगा बागेत यायचा. त्याला कीड-बीड पटली नाही. त्या थंडीत बारवेजवळच्या ओळीवरही जाळी पडली. मी जाळीकडं बघितलं. तिनं ते पाहिलं.

"अब्बा न्हाईत," ती म्हणाली. "आता त्यांच्या भावकीचं कोण इचारतं?" हसत म्हणाली, पण ते हसणं तिचं नव्हतं.

मग कोरोनाचा पहिला उन्हाळा आला. सगळं बंद होतं. मोबाईलवर रोज काहीतरी यायचं, आणि त्यात कुणीतरी वाघळांचा फोटो पाठवला. हा आजार यांच्यापासून आला म्हणे. ज्या झाडाखाली बायका पिढ्यान्‌पिढ्या बिया वेचत होत्या त्या झाडाकडं कुणी लेकरांना जाऊ देईना. गावात एकाकडं लाकूड कापायची मशीन होती. चिंच पाडायची असं ठरत आलं आणि त्यासाठी लोक मारुतीच्या पारापुढं जमले, तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब बसून. आम्ही बायका मागं भिंतीला उभ्या होतो. सुगराबी मात्र पुढं जाऊन उभी राहिली. गावच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

पाटील म्हणाले, "सुगराबी, तुझ्या झाडावर आमचा राग न्हाई. पर लेकराबाळांचा सवाल हाय."

"झाड माझं न्हाई पाटील, सरकारचं हाय. पर वाघळा-वाघळात फरक हाय. तुमी सगळी एकाच मापानं मोजून राहिले."

"कसला फरक?"

आणि ती सांगायला लागली. चुलीपुढं इतकी वर्षं जे गमतीनं म्हणायची तेच. चिंचेवरची उन्हात राहतात, वाऱ्यावर राहतात, पंख चाटून स्वच्छ करतात. चरायला लांब नदीपलीकडं जातात, गावात शिरत नाहीत. बारवेतली अंधारात राहतात, ओलीत, एकमेकांना चिकटून. जवळच चरतात, गावातच घिरट्या घालतात. त्यांच्या अंगाला वास. त्यांना उंदरासारखं शेपूट. ती चांगलं बोलली. तिला त्यातलं कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे ऐकत होते. मी तिच्याकडं बघत होते. मला ऐकताना अब्बांची उत्तरं आठवत होती, पण ती द्यायला तिथं बाज नव्हती आणि अब्बाही नव्हते.

"म्हंजी घाण बारवेत हाय म्हणा की," मागून कुणीतरी म्हणालं.

सुगराबी थांबली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मशीनवाला पारावरच बसला होता, मशीन पायाशी ठेवून. ती त्या मशीनकडं बघत म्हणाली, "व्हय. बारवेतली येगळी, वायली हायेत."

चिंच वाचली. मशीनवाला उठून घरी गेला. येताना सुगराबी इतक्या भरभर चालत होती की मला पळावं लागलं. खोपीत येऊन तिनं गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला.

"बघितलं का मुके? बोलायला पायजे माणसानं. तुझ्यावाणी गप उभी राहिले असते तर आज त्या झाडाचं सरपण झालं असतं. बराबर हाय का न्हाई?"

मी मान हलवली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता.

दोन दिवसांनी सकाळी बागेच्या त्या टोकाला काळा धूर दिसला. मी आमच्या बांधावरून बघितला, आणि सुगराबी खोपीतून अनवाणी पळत निघालेली बघितली. मी तिच्या मागं गेले. गावातली पोरं बारवेत उतरून जुने टायर, बाभळीचे काटे आणि मिरच्या पेटवून वर आली होती. कमानीतून धूर येत होता आणि धुरातून वाघळं. अंधारात भिंतीला पंख न लावणारी ती वाघळं भर उन्हात जांबाच्या झाडांवर, बाभळीवर, जमिनीवर कुठंही आदळत होती. पिलांचे दिवस होते. कितींच्या तरी पोटाला पिलू चिकटलेलं होतं. वर कावळे जमले होते.

"अरे काय करून राहिले! काय करून राहिले तुमी!"

एक पोरगा डोळे पुसत हसून म्हणाला, "मावशी, तूच तर सांगितलं. ही घाणेरडी, ती चांगली."

"मी चिंचेसाठी सांगितलं रे."

"मग? चिंचेला कोण हात लावला?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो तिच्याच बाजूनं बोलत होता, तिचं काम केल्यासारखं. तिच्या पायाजवळ एक वाघूळ अंगठ्यांच्या नखांनी जमीन धरत सावलीकडं सरकत होतं. तिनं खाली बसून पदर त्याच्यावर टाकला, हातात घेतलं आणि अंगठ्यानं मागची बाजू चाचपली. अब्बा चाचपायचे तशी. मग ते तिनं जांबाच्या एका खालच्या फांदीला लटकवलं. ते धरेना. पुन्हा लटकवलं. असं ती किती वेळ करत होती. मी शेवटी तिचा हात धरून तिला खोपीत आणलं.

बाजेवर बसून ती म्हणाली, "तुझंच बरं हाय, मुके."

एवढंच. तिचा तो आवाज, जो गोठ्यापर्यंत जायचा, मला शेजारी बसून नीट ऐकू आला नाही.

पोरांनी नंतर बारवेच्या तोंडावर हिरवी जाळी ठोकली. धूर निघून गेला, आजाराची भीतीही पुढच्या दोन वर्षांत निघून गेली. चिंच तशीच उभी होती, वाघळं तशीच लटकत होती. लोक तिला सुगराबीची चिंच म्हणायला लागले. ते कौतुकानं म्हणायचे. ती मात्र ऐकलं की सांगायची, "माझं नाव नका लावू तिला." कुणाला कळायचं नाही. बायकांना वाटायचं, दृष्ट लागेल म्हणून म्हणत असेल.

ती बदलली ते बारीकसारीक गोष्टींत. लिंबोळ्या वेचायला यायची बंद झाली. कोंबड्यांना टक टक करून बोलावणं सोडलं, पत्र्याचा डबा वाजवायला लागली. कुठलं वाघूळ कसं, असं कुणा लेकरानं विचारलं तर म्हणायची, "वाघूळ म्हंजी वाघूळ. जा खेळ." आणि चूल ती आता उजेडातच पेटवायची, चिंचेकडं पाठ करून. वाघळं माझ्या डोळ्यांसमोर तिच्या डोक्यावरून जायची. ती भाकरी थापत राहायची.

धुराच्या त्या वर्षीच थंडीत मालकाच्या मुलाला न विचारता तिनं बारवेजवळच्या ओळीवरची जाळी काढून टाकली. बारवेच्या तोंडावरची हिरवी जाळीही विळ्यानं कापली. या वेळी ती कुरकुरली नाही. ती ओळ पिकून पिवळी झाली. राघूंनी टोचले तेवढे टोचले, बाकीचे जांब देठातून सुटून खाली पडले. चिंचेवरची वाघळं त्या ओळीवरून सरळ पूर्णेकडं जायची. खाली मुंग्या लागायच्या. बागवानाच्या घरची बाई, फळ जमिनीवर सडू देणं म्हणजे तिला अंगावर डाग पडल्यासारखं वाटायचं. पण तिनं त्यातला एक जांब उचलला नाही, मलाही उचलू दिला नाही.

"भावकीचा हिस्सा हाय," म्हणाली.

मी आपणहून फारशी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "येतील," म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोणाच्या भरवशावर येतील गं?"

पुढच्या वर्षीही तिनं ती ओळ उघडी ठेवली. त्याच्या पुढच्याही.

मग मालकाच्या मुलानं बाग मोडायची ठरवली. जांब काढून हळद लावायची. आता सगळेच हळद लावतात. सुगराबीला इथं राहण्याचं कारण उरलं नाही. जावयाचं वारंगा फाट्याला पंक्चरचं दुकान, तो टेम्पो घेऊन न्यायला आला. धुराच्या त्या दिवसानंतर तिला रबराचा वास सहन होत नव्हता, म्हणून तिनं सामान बांधताना त्याला विचारलं, "दुकान घरापासून किती लांब हाय?"

"लांब काहून? घराखालीच हाय, अम्मा."

पेटी, अब्बांची बाज, दोन कोंबड्या आणि ते खिळ्यावरचं घड्याळ एवढं टेम्पोत चढलं. मी बांधावर उभी होते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला मिसरीचा वास होता. "येत जाय वारंग्याला," म्हणाली. "बोलू नको. नुसती येत जाय." मी एकदाही गेले नाही. जायचं जायचं म्हणत राहून गेलं.

टेम्पो बागेच्या कडेनं निघाला आणि बारवेपाशी थांबला. मला वाटलं काही विसरलं, म्हणून मी बांधावरून तिथवर गेले. सुगराबी खाली उतरली. जावई हॉर्नवर हात ठेवून बसला होता, पण त्यानं तो वाजवला नाही. ती बारवेच्या दोन-तीन पायऱ्या उतरली, कमरेत वाकली आणि कमानीच्या अंधाराकडं तोंड करून जिभेनं आवाज केला. टक. टक. धुराच्या दिवसानंतर तिच्या तोंडून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिनं मान एका बाजूला कलवली, अब्बा कलवायचे तशी, आणि तशीच वाकून राहिली. मलाही तो आवाज दोनदा ऐकू आला, एकदा तिचा आणि एकदा आतून आलेला.

मग ती वर आली. टेम्पोत चढताना तिनं माझ्याकडं बघून पदर सारखा केला.

"भिंत लागली," ती म्हणाली. "नुसती भिंत हाय, मुके."